आईची वही आणि पावसाळ्यातली चार पुस्तकं

मी मुंबईतल्या प्रभादेवीहून बोलतेय. इकडे पावसाचा वास यायला लागलाय, आणि तुमच्याकडे बियाण्या-खताची धावपळ चालू असणार. हातात काम असेल तर असू द्या, काम करता करता ऐकलंत तरी चालेल.

प्रभादेवी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सिद्धिविनायक आठवतो. पण देवळापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर अजून जुन्या चाळी आहेत, आणि त्यांना खेटून उंचच उंच टॉवर. अशाच एका चाळीत आमच्या बचत गटाची बैठक होते. अकरा जणी आहोत. मी त्यांची समन्वयक. आज मात्र हप्ते, व्याज, कर्ज यातलं काही बोलणार नाही. गटाच्या बैठकीत हजेरीपुस्तकाशेजारी आणखी एक वही ठेवलेली असते, तिच्याबद्दल सांगणार आहे.

ती वही आमच्या गटातल्या एका ताईची. नाव सांगू नकोस म्हणालीय, म्हणून ताई एवढंच म्हणते. ताई घरी शिलाई करते. ब्लाऊज, पिको-फॉल, पडदे, येईल ते. आठवी शिकलेली आहे. तिला एक मुलगा. तो तिसरीत असताना वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की त्याचे शब्द अडकायचे. मुलं हसायची. मग त्याचं सोमवारी सकाळी पोट दुखायला लागलं. नंतर मंगळवारी पण. डॉक्टर म्हणाले, पोटाला काही झालेलं नाही. ताई दोनदा शाळेत जाऊन बोलून आली, फरक पडला नाही. वार्षिक परीक्षा झाली आणि तिनं बैठकीत सांगून टाकलं, “मी ह्याला घरीच शिकवणार.”

मी काय केलं असेल? मी बी. ए. झालेली, वर समन्वयक. सगळ्यांसमोर म्हणाले, “अगं, तू आठवी पास. तू काय शिकवणार त्याला?” आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. ताई काही बोलली नाही. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही, हप्ता शेजारणीबरोबर पाठवला. तिसऱ्या बैठकीला आली ती शंभर पानी वही घेऊन. पासबुकं ठेवतो त्या सतरंजीवर तिनं ती वही ठेवली आणि म्हणाली, “बघा. रोज लिहिते.”

वहीच्या डाव्या पानावर तारीख, मुलानं काय वाचलं, किती पानं, आणि त्याच्या हातचं एक वाक्य. उजव्या पानावर आईचं लिखाण. ते कधी दोन ओळी, कधी अर्धं पान. “आज वजाबाकी. हातचा कळला.” “आज भांडण. वही उघडली नाही.” असं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण खोटं एकही अक्षर नाही. आम्ही तिला थोडं वाचून दाखव म्हटलं. तेव्हापासून प्रथाच पडली. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या की ताई त्या महिन्यातली दोन पानं वाचते. खरं सांगते, काही जणी हप्त्याला टाळाटाळ करतील, पण त्या दोन पानांसाठी थांबतातच.

सुरुवातीला तिनंही एक चूक केली. वर्षाला शंभर पुस्तकं असा आकडा ठरवला. कुणीतरी सांगितलं होतं तिला, अमुक बाईंचा मुलगा वर्षात शंभर पुस्तकं वाचतो. मला हसायचा अधिकार नाही. मीही एका १ जानेवारीला बारा महिन्यांत चोवीस पुस्तकं वाचायचा पण केला होता आणि मार्चअखेरीच्या हिशेबात तिसरं पुस्तक उशाखाली तसंच राहिलं. ताईच्या घरी गणपतीपर्यंत सतरा पुस्तकं झाली. मग एक दिवस वहीत हे लिहिलेलं आलं: “पुस्तक संपलं म्हणाला. गोष्ट विचारली तर सांगता येईना. नुसती पानं उलटतो. मी रागावले. चूक माझी.”

का झालं असं? श्रावण लागला की शिलाईवाल्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. गणपतीच्या मखराचे पडदे, गौरीच्या साड्यांचे ब्लाऊज, ते संपत नाही तोवर नवरात्रातल्या नऊ रंगांचे ब्लाऊज, मग दिवाळी. म्हणजे आईला वेळ नाही, आणि आकडा तर वर्षभर सारखाच. तुम्हीच सांगा, बारा महिने एकच पीक एकाच मापानं कोण काढतं? तिनं शंभराचा आकडा खोडला आणि वर्षाचे तीन तुकडे केले.

पावसाळ्यात चार पुस्तकं, पातळ. त्यात ‘किशोर’चे जुने अंक धरायचे. ‘किशोर’ म्हणजे पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात, हे तुमच्याही उपयोगाचं आहे. मशीनच्या बाजूला बसून तो मनात वाचायचा आणि आई शिवता शिवता विचारायची, “पुढं काय झालं?” एवढीच शिकवणी. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं आणि दिलीप प्रभावळकरांच्या बोक्या सातबंडेनं तो पावसाळा तारून नेला.

दिवाळी झाली की दिवाळी अंक. आमच्या भागातल्या वाचनालयांची ही जुनी सोय आहे, एकदाच पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून आणायचा. दिवाळी अंकाची सुरुवातही मुंबईतलीच, १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकानं केलेली. मुलांचे दिवाळी अंक वेगळे निघतात. थंडीत ताईचं काम जरा हलकं असतं, तेव्हा एखादं जाड पुस्तक घ्यायचं.

आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यात लग्नसराईचे ब्लाऊज. म्हणून मुलगा कोकणात आजीकडे. तिथं पुस्तकाचा आकडाच नाही. आजीकडून दहा गोष्टी विचारून लिहून आणायच्या एवढंच. त्यानं भाताच्या जुन्या जातींची नावं लिहून आणली, माशांची आणली, आजीच्या लग्नात काय जेवण होतं ते आणलं. पण खरी गंमत दुसरीच झाली. आजीला लिहिता-वाचता येत नाही. संध्याकाळी ती म्हणायची, “पेपरात काय आहे ते सांग बघू.” हा अडखळत वाचायचा. आजीला चूक कळायचीच नाही, त्यामुळे ती हसायचीही नाही. शब्द अडकला की ती सुपातले तांदूळ निवडत बसायची, घाई कशाची? वर्गात ज्याचं पोट दुखायचं तो पोरगा त्या ओसरीवर महिनाभर रोज मोठ्यानं वाचत होता. ताईनं ते पान वाचलं तेव्हा आमच्यातली एक आजीबाई म्हणाली, “म्हणजे अडाणी असण्याचाही उपयोग झाला म्हणायचा!”

आता जरा माझ्या काळजीचं बोलते. हे ऐकून कुणी म्हणेल, चला, आपणही पोरांना घरी ठेवू. थांबा.

मुंबईच्या मालविका राज जोशीचं नाव तुमच्यातल्या काहींनी पेपरात वाचलं असेल. आईनं तिला सातवीत असताना शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. दहावी-बारावीचा दाखला नाही. तरी संगणक ऑलिंपियाडमध्ये तिनं भारतासाठी तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत तिला प्रवेश मिळाला. मोठीच गोष्ट आहे. पण त्यासाठी तिच्या आईनं नोकरी सोडली होती, आणि घर त्या कमाईवाचून चालू शकत होतं. बारावीचा दाखला नाही म्हणून आपल्याकडच्या आयआयटीचं दार तिला बंदच होतं, हेही त्याच बातमीत होतं. ते आपण विसरतो.

आणि मुलींच्या बाबतीत तर मला हा शब्दच भीतीदायक वाटतो. एकेकाळी आपल्या बायकांना घरचंच शिक्षण होतं, कारण दुसरं नव्हतं. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, अक्षरओळख नवऱ्यानं करून दिली, आणि घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे खात त्या शिकल्या. हे त्यांनी स्वतःच आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, १९१० मध्ये ते आलं. सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली ती मुलींना उंबऱ्याबाहेर काढायला. आज एखाद्या गावात “मुलगी घरीच शिकते” असं कुणी म्हणालं तर मी आधी विचारीन, धाकट्याला कोण सांभाळतं? पाणी कोण भरतं? तिची वही दाखवा. वही नसेल तर ती शिकत नाही, राबते.

कायद्याचं थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे. घरी शिकवणाऱ्या आईबापाला हा कायदा शिक्षा सांगत नाही, पण घरच्या शिक्षणाचा दाखलाही देत नाही. पुढे दहावी करायची तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, नाहीतर मुक्त विद्यालय आहे. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे, कितीही वर्षं शाळा सुटलेली असली तरी मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे पाठ करून ठेवावं. पोरांना गावातच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी दिवाळीच्या आधी करा, कोयता हातात घेतल्यावर नको.

तेव्हा शाळा सोडवा असं मी मुळीच म्हणत नाही. वही मात्र कुठल्याही घरात चालते, शाळेत जाणाऱ्या मुलासाठीही. आकडा आपल्या कामाच्या हंगामावर ठरवा. पेरणी-खुरपणीत एकच गोष्ट, आठवड्याला. सुगी आटपली की जाड पुस्तक. पुस्तक कुठून आणायचं? आपल्या राज्यात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून जास्त वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड वर्गांची. बहुतेक ड वर्गाचं एखादं तुमच्या गावात नाहीतर शेजारच्या गावात असेल, पुरुषमंडळी पेपर वाचायला बसतात तेच. त्याला सरकारी अनुदान मिळतं. गटानं जाऊन विचारा, मुलांची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे आहे. एकटी गेलात तर “साहेब नाहीत” म्हणतील. पाच जणी गेलात की साहेब सापडतात.

आता आमच्या ताईकडे परत येते. गेल्या थंडीत मुलानं जाड पुस्तक निवडलं ते वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. त्याला पुरता महिना लागला. गुलामीत जन्मलेला जॉर्ज कार्व्हर पहिली अक्षरं घरातच शिकला, पण जवळच्या शाळेत काळ्या पोरांना घेत नसत. म्हणून लहान वयात तो घर सोडून शाळा असलेल्या गावी गेला. हे प्रकरण वाचलं त्या दिवशी डाव्या पानावर मुलाचं वाक्य होतं: “कार्व्हर शाळेसाठी चालत गेला.” उजवं पान कोरं. ताईला दोन दिवस काही लिहिताच आलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं: “मला जायचंय म्हणतो. मी नाही म्हणाले नाही. रात्री झोप आली नाही.”

तो या जूनमध्ये शाळेत जातोय, दुसऱ्या शाळेत, सहावीत. दोन वर्षं घरी काढून. प्रवेशाला मी बरोबर गेले होते, तेवढं तरी मी तिला लागत होते. गणितात तो मागे आहे, इंग्रजी कच्चं आहे, हे वहीतच लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. वर्गात काय होईल, ताईला ठाऊक नाही, मलाही नाही. गणवेश तिनं स्वतः शिवलाय, पँटला आत दोन इंच कापड जास्त सोडून.

परवाच्या बैठकीत तिनं नव्या वहीचं पहिलं पान वाचलं. डाव्या बाजूला मुलानं यंदाचा आकडा लिहिलाय, त्याच्याच अक्षरात: “पावसाळा. चार पुस्तके. त्यातले एक वर्गात मोठ्याने.”