पुढची गाडी किती मिनिटांनी?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. यंदा कार्यवाहांनी मला गाठले. मी म्हटले, अहो, मी डिप्लोमावाला, सिग्नल खात्यातला माणूस, मी काय बोलणार? ते म्हणाले, "गाड्यांवरच बोला की. सगळे रोज त्यांच्याच नावाने खडे फोडत असतात." म्हणून उभा राहिलो आहे. फार तांत्रिक झाले तर खुशाल प्रसादाकडे लक्ष द्यावे.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझ्या मुलीचे कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन ठिकाणी गाडी बदलावी लागे. वर्षभर ती स्कूटर मागत होती आणि मी वर्षभर नाही म्हणत होतो. रेल्वेवाल्याच्या मुलीने स्कूटरवर जायचे म्हणजे काय! एका संध्याकाळी ती पाऊण तास थांब्यावर उभी राहून घरी आली. काही बोलली नाही. वही काढली आणि महिन्याभराचा हिशेब माझ्यापुढे ठेवला. रोज गाडीत किती वेळ, उभे राहण्यात किती वेळ. उभे राहण्याचा वेळ जास्त होता. आकड्यांपुढे इंजिनिअरचे काय चालणार? कर्जाच्या कागदावर मीच सही केली. पुढच्याच पावसाळ्यात स्कूटर घसरली, मनगट मोडले, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. प्लास्टर निघाले आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा स्कूटरवर. मी विचारले, भीती नाही वाटत? तर म्हणाली, "वाटते ना बाबा. पण थांब्यावर त्याहून जास्त वाटते."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. दोष कुणाचा ते सांगायला मी आलेलो नाही. हे असे का होते, एवढेच आपल्यासमोर मांडतो.

दोन गाड्यांमधल्या वेळेला आम्ही हेडवे म्हणतो. गाडी दर वीस मिनिटांनी असेल तर माणसाला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. पण ज्याला वेळेवर पोहोचायचे आहे तो सरासरी धरून घराबाहेर पडत नाही, वाईटात वाईट धरून पडतो. दोन वेळा गाडी बदलायची म्हणजे तीन गाड्या पकडायच्या, आणि वीस-वीस मिनिटांच्या हिशेबाने तासभर हातात ठेवायचा. गाडी ताशी चाळीसऐवजी साठने पळवली तरी हा तास भरून निघत नाही. हेडवे पाच मिनिटांवर आणला तर तोच तास पंधरा मिनिटांवर येतो. मग घड्याळ न बघता माणूस बाहेर पडतो.

माझी पहिली नेमणूक कल्याणला होती. तिथे हे डोळ्यांनी पाहिले. मुंबईकर ८.१२ ची लोकल म्हणून नावाने गाडी ओळखतो, हे खरे. पण तो हट्ट ठरलेल्या डब्याचा, ठरलेल्या मित्रांचा. ती चुकली तर दादर-ठाण्याकडचा माणूस दोन शिव्या देऊन पुढची पकडतो, दिवस बिघडत नाही. कसाऱ्याचा माणूस मात्र खरोखर वेळापत्रकावर जगतो. त्याची गाडी चुकली की फलाटावरच बसकण. खाते तेच, तिकीट तसेच, डबेही तेच; फरक फक्त मधल्या मिनिटांचा. दोघांच्या चालण्यातसुद्धा हा फरक दिसतो. कसाऱ्याचा माणूस नेहमी पळत असतो.

आता बसकडे येऊ. तासाला सहा बस असतील आणि त्या दहा-दहा मिनिटांनी आल्या तर सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा बस जोडीजोडीने आल्या तर मधले अंतर वीस मिनिटांचे होते आणि सरासरी दहा मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, डिझेल तेवढेच, माणसे तेवढीच, आणि लोकांची वाट पाहणी दुप्पट! जोडी का जमते? पुढची बस जरा उशिरा आली की पुढच्या थांब्यावर गर्दी जास्त, चढायला वेळ जास्त, म्हणून ती आणखी उशिरा. मागचीला माणसेच कमी, ती भराभर येऊन तिला गाठते. आपल्याकडे कंडक्टर दारातून ओरडतो, "हिंदे बस खाली इदे!" मागची बस रिकामी आहे. आपल्याला वाटते, थाप मारतोय. पुष्कळदा ते खरे असते. गाड्या न वाढवता, फक्त मधले अंतर सांभाळूनही बरेच काम होते. त्यासाठी पुढचीला घाई करण्याऐवजी मागचीला दोन मिनिटे रोखावे लागते. आतल्या प्रवाशांना ते आवडत नाही, हा भाग वेगळा.

रेल्वेत अडचण निराळी. जुन्या पद्धतीच्या सेक्शनमध्ये पुढची गाडी पुढच्या स्टेशनात पोहोचेपर्यंत मागची सोडता येत नाही. ऑटोमॅटिक सिग्नल बसवले की मधल्या रुळाचे तुकडे पडतात आणि एकामागे एक गाड्या सुरक्षितपणे धावतात. लोकांना रूळ दिसतात, त्यांना वाटते जागा रिकामी आहे. आम्हाला त्याच रुळांवर मेल, एक्सप्रेस, मालगाडी सगळे दिसते. शिवाय लेव्हल क्रॉसिंग. प्रत्येक वाढीव गाडीला फाटक एकदा जास्त पडते आणि रस्त्यावरचे लोक आमच्या घराण्याचा उद्धार करतात.

रूळ आणि सिग्नल असूनही भागत नाही, हे आपण नुकतेच पाहिले. मेट्रोची यलो लाइन, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, सुमारे १९ किलोमीटर, १६ स्थानके. १० ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीच्या सतरा दिवस आधी, तिचे उद्घाटन झाले. इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणाऱ्या आपल्या मुलांनी पेढे वाटले. पण सुरुवातीला गाड्या तीनच होत्या आणि दोन गाड्यांत पंचवीस मिनिटे. हे का, ते आपण इथे बसल्या-बसल्या काढू शकतो. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला साधारण पस्तीस मिनिटे, परत तेवढीच, आणि दोन्ही टोकांना गाडी उलट फिरवायला थोडा वेळ. एक फेरी सुमारे पंचाहत्तर मिनिटांची. तीन गाड्या असतील तर पंचाहत्तर भागिले तीन, पंचवीस! पाच मिनिटांनी हवी असेल तर पंधरा गाड्या. खांब, पूल, स्थानके, चालकाशिवाय चालणारी यंत्रणा, हजारो कोटींचे काम उभे होते. अडले होते डब्यांपाशी. पुढे एकेक गाडी येत गेली तसे अंतर कमी होत गेले.

म्हणून फीत कापण्याच्या बातमीत मी गाड्यांची संख्या शोधतो. ती बहुधा शेवटच्या ओळीत असते.

बेंगळुरूच्या उपनगरी रेल्वेचेही तेच. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये मंजुरी दिली, २० जून २०२२ ला पायाभरणी झाली. चार मार्ग, एकूण १४८ किलोमीटर. संपिगे, मल्लिगे, पारिजात, कनक अशी फुलांची नावे. मुख्य गाड्यांपासून वेगळे रूळ, हे त्यातले मला सर्वांत पटलेले. सोसायटीत, लग्नात, कुठेही भेटलो की लोक विचारतात, "साहेब, कधी सुरू होणार?" कुणीही "किती मिनिटांनी?" असे विचारत नाही. डबे किती, डेपो कुठे, चालक किती भरणार, हे विचारायची वेळ आता आहे. खांब उभे राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

सगळीकडे पाच मिनिटे परवडणार नाहीत, हे मलाही मान्य आहे. दोन लहान गाड्या म्हणजे दोन चालक, पगार दुप्पट. एकच लांबलचक गाडी हिशेबाला सोयीची. तुमकूर, रामनगरकडे गाड्या तुरळकच राहतील. तिथे निदान मिनिट तरी ठरलेले असावे. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर तसे केले: दर तासाला गाडी, आणि प्रत्येक तासाला त्याच मिनिटाला. वेळापत्रक पाठ करायला नको, आजीलाही लक्षात राहते. शिवाय एक गाडी आली की बदलायची दुसरी समोर उभी. याला नवे रूळ सगळीकडे लागत नाहीत, चिकाटी मात्र लागते.

आपली चामराजपेट १८९२ साली वसली तेव्हा मार्केट, देऊळ, शाळा सगळे पायी होते. आता आपली मुले पंचवीस-तीस किलोमीटरवर कामाला जातात. उत्सवाचेच बघा. रात्री नऊचा कार्यक्रम ठेवला की लांब राहायला गेलेली जुनी मंडळी साडेआठला उठतात. आपल्याला वाटते, त्यांचा उत्साह संपला. त्यांना शेवटच्या बसची काळजी असते.

तर एक विनंती. तक्रारीचे अर्ज आपण पुष्कळ लिहिले. "बस वेळेवर येत नाही" एवढे लिहिले तर वाचणारा "नोंद घेतली" म्हणतो आणि विषय संपतो. या दहा दिवसांत मंडपाजवळच्या थांब्यावर सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ, दोघादोघांनी उभे राहून प्रत्येक बसची वेळ, मार्ग क्रमांक आणि आत उभे राहायला जागा होती का, एवढे लिहायचे. मी घरी त्याची सारणी करीन आणि अर्जासोबत जोडू. वही प्रसादाच्या टेबलावर ठेवली आहे. सकाळची नावे भरली आहेत. संध्याकाळी सात ते आठसाठी एकच नाव आले आहे, माझ्या मुलीचे. तिच्या जोडीला कुणीतरी हवे आहे.