ठिणगीची जागा

अंबरनाथ म्हटलें कीं शिलाहारांचें शिवमंदिर डोळ्यांपुढें उभें राहतें. आणि जुन्या पिढीच्या माणसांना त्यापाठोपाठ आठवते ती आगपेटी. १९२३ सालीं स्थापन झालेल्या ‘विमको’ कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना या गांवीं कित्येक वर्षें चालला. आतां तो बंद आहे. परंतु त्या पेटीनें घरोघर एक धडा नेऊन पोंचविला होता, आणि तो वाचणारे फार थोडे निघाले.

पूर्वीच्या काडीच्या गुलांतच पांढरा फॉस्फरस असे. जरा घर्षण झालें कीं काडी खिशांतल्या खिशांत पेटे. स्वीडनमधील पाश या रसायनशास्त्रज्ञानें १८४४ सालीं फॉस्फरसाची जात बदलली आणि त्याची जागाहि बदलली. तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला गेला, बाकीचीं द्रव्यें काडीवर राहिलीं. दोघांची गांठ माणसाच्या इच्छेनें पडली तरच जाळ होतो. आगपेटीची सुरक्षितता ती एवढ्या अंतरांत आहे.

हाच धडा एका निराळ्या यंत्राला लावून पाहण्यासारखा आहे. समजा, बदलापुरास एका गृहस्थाच्या घरीं साठ वर्षांपूर्वीची, दोनच माणसें बसतील अशी उघडी विलायती स्पोर्ट्स गाडी आहे. वडिलांनीं हौसेनें घेतलेली, मुलानें जिवापाड जपलेली. रविवारीं सकाळीं नातवाला शेजारीं बसवून बारवी धरणाच्या रस्त्यानें एक फेरी मारावी, इतकाच तिचा उपयोग. बॉनेट उघडलें कीं चकचकीत इंजिन दिसतें. आणि कार्ब्युरेटरच्या नेमकी खालीं, इंजिनाच्या अंगाला बांधलेली, मुठीएवढ्या जाडीची एक काळी कुपी दिसते. ती इग्निशन कॉइल.

हिचें काम मोठें चमत्कारिक आहे. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. तेवढ्यानें प्लगच्या फटींत ठिणगी उडत नाहीं. कॉइलच्या पोटांत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात : एक जाड तारेची, कांहींशें वेढ्यांची; दुसरी केसासारख्या तारेची, हजारों वेढ्यांची. पॉइंट मिटलेले असतां जाड तारेंतून प्रवाह वाहतो. पॉइंट उघडतांच तो तुटतो आणि त्याच क्षणीं बारीक तारेंत १५ ते २० हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. तो डिस्ट्रिब्यूटरकडे आणि तेथून प्लगकडे जातो. आपले मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतात. तें मुळांत अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांच्या कंपनीचें नांव. त्यांची ही पद्धति १९१० च्या कॅडिलॅक गाडींत बसली आणि कंपनीचें नांव यंत्रालाच चिकटलें.

आतां या शेजाराचा विचार करावा. वर पेट्रोल, खालीं हजारों व्होल्टांची कुपी. कार्ब्युरेटरची सुई अडकली किंवा नळीला चीर गेली कीं पेट्रोल थेंब थेंब गळतें. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती वर उडून न जातां खालीं साचते. कॉइलच्या तोंडाशीं दमट धूळ बसलेली असेल किंवा तारेचें वेष्टण तडकलेलें असेल, तर ठिणगी प्लगपर्यंत न जातां तेथेंच उडते. मग काडी आणि पेटी यांची गांठ माणसाच्या इच्छेवांचूनच पडते.

हा धोका कोणाच्या कल्पनेंतला नव्हे. इंग्लंडांत १९६२ सालीं निघालेली लोटस एलान ही मोठी नांवाजलेली स्पोर्ट्स गाडी. तिचा डिस्ट्रिब्यूटरच कार्ब्युरेटरांच्या खालीं येतो, आणि वरून गळलेलें पेट्रोल त्याच्यावर पडूं शकतें. डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या चक्रांनीं फिरतो. त्याला सहसा हलवितां येत नाहीं. कॉइल मात्र दोन-तीन तारांचीच बांधील असते. जी वस्तु हलवितां येते, ती धोक्याच्या जागीं ठेवण्याला कांहीं सबब उरत नाहीं.

याशिवाय उष्णतेचा प्रश्न आहे. चैत्र-वैशाखांत बदलापुराकडे पारा चाळिशीला भिडतो. अशा दिवशीं कल्याणच्या रस्त्यावर वाहनांच्या रांगेंत गाडी अडकली कीं बॉनेटखालीं भट्टी पेटल्यासारखें होतें. कॉइल स्वतःहि तापतेच. इंजिन बंद असतां किल्ली चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, तर सुमारे ३ ओहमच्या कॉइलमधून ४ अँपियर प्रवाह सतत वाहतो; म्हणजे ४८ वॉटची उष्णता त्या बंद कुपींत कोंडते. आंतील तेल फुगून कुपी फुटूं शकते. ती कोठें फुटते, याला मग महत्त्व येतें.

म्हणून तो गृहस्थ गाडी घेऊन उल्हासनगरच्या एका मिस्त्रीकडे जातो, असें समजूं. १९४९ सालीं निर्वासितांच्या छावणीचें नगर झालें, आणि मोडलेलें पुन्हां उभें करणें हा या गांवाचा जुना परिपाठ आहे. पण मिस्त्रीहि क्षणभर थबकतो. “साहेब, कंपनीनें दिलेली जागा बदलायची? मग गाडी ओरिजिनल कशी राहील?”

प्रश्न रास्त आहे. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत मूळपणाला मान असतो. अंबरनाथच्या मंदिराचा दगड कोणी सोयीसाठीं हलवूं म्हटलें, तर तें कोणालाहि सहन व्हावयाचें नाहीं, आणि तें योग्यच आहे. शके ९८२ चा लेख मिरविणारी ती वास्तु एका जागीं उभी राहण्यासाठींच बांधलेली आहे. गाडी मात्र धांवण्यासाठीं बांधलेली असते. तिच्यांत माणसें बसतात. आणि ज्या पेट्रोलचा हिशेब धरून तिच्या नळ्या घडविल्या, तें पेट्रोल तरी मूळचें कोठें राहिलें आहे? २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकावयास आरंभ झाला. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाहीं. नळ्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. काल कोरडी असलेली जागा आज ओली होऊं शकते.

शिवाय हा बदल असा करतां येतो कीं, उद्यां कोणाला वाटलें तर तो तासाभरांत मोडतां यावा. नवें भोंक न पाडतां, मडगार्डच्या आंतल्या बाजूस असलेल्या एखाद्या जुन्या बोल्टाचा आधार घ्यावा. जागा कार्ब्युरेटरपासून, पेट्रोलच्या पंपापासून व एग्झॉस्टपासून दूर, वारा लागेल अशी, परंतु चाकांनीं उडविलेलें पाणी पोंचणार नाहीं अशी असावी. कुपी तोंड वर करून उभी बसवावी. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी जाड तार नवी घ्यावी. ती लांबली तरी गरजेपुरतीच लांबावी, आणि कोठेंहि पत्र्याला घासूं नये. जुन्या विलायती कॉइलवर ‘एस. डब्ल्यू.’ व ‘सी. बी.’ अशीं अक्षरें असतात : पहिल्या टोंकाला किल्लीकडची तार, दुसऱ्याला डिस्ट्रिब्यूटरकडची. अदलाबदल झाली तर गाडी चालते खरी, पण ठिणगी मंदावते. काढलेला मूळ पट्टा फेकूं नये. चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा.

एवढ्यानें काम संपत नाहीं. कॉइल हलविणें हें अर्धें काम. गळती बंद करणें हें उरलेलें अर्धें. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या, घट्ट पट्ट्या, हाताला सांपडेल अशा जागीं बॅटरी तोडण्याचा खटका आणि कोरड्या भुकटीचें अग्निशामक, यांवांचून ती फेरी पुरी सुरक्षित नव्हे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतूं नये, आणि धूर दिसतांच बॉनेट सताड उघडूं नये. उघडल्यानें जाळाला वारा मिळतो. हें घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असावें.

काम आटोपून तो गृहस्थ अंबरनाथावरून परत निघेल. गाडीचा आवाज तोच, रंग तोच, वडिलांच्या हातांनीं गुळगुळीत झालेलें स्टिअरिंगहि तेंच. फरक एवढाच कीं, ठिणगी आणि पेट्रोल यांच्या मध्यें आतां दोन हातांचें अंतर आहे. शेजारीं बसलेल्या नातवाला तें दिसणार नाहीं. आगपेटीमधलें तें अंतर तरी आपल्यापैकीं कितीजणांना दिसलें होतें?