शंका आली की लाल

(गणेशोत्सवानिमित्त झालेल्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला संगणक, नेटवर्कची सुरक्षा आणि ऊर्जा असा भारदस्त विषय दिला आहे. मी कऱ्हाडला डिप्लोमा केलेला साधा माणूस. रेल्वेच्या सिग्नल खात्यात वीस-बावीस वर्षे काढली. त्यामुळे पुस्तकी व्याख्यान माझ्याकडून होणार नाही. जे रुळावर शिकलो तेच सांगतो.

सुरुवात कालच्या आरतीपासून करू. ऐन आरतीत मंडपातली लाईट गेली. पावसाने एक जोड भिजला होता, थोडा करंट गळत होता, म्हणून आरसीसीबी पडला. एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, “ते खटके बायपास करा, आरती तरी होऊ दे.” आपले वायरमन काही ऐकेनात. त्यांनी दहा मिनिटे अंधार पत्करला, जोड शोधला आणि मगच बटण वर केले. तो खटका ३० मिलिअँपिअरची गळती झाली की पडतो. मंडपाचा लोखंडी खांब धरून चार पोरे उभी होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दहा मिनिटांची किंमत कळते.

आमच्या सिग्नलचे सारे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने बंद ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. रुळांच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रुळांतून करंट वाहत असेल तर रिले उचललेला राहतो, म्हणजे मार्ग मोकळा. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परततो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. खुबी पुढे आहे. वायर तुटली, बॅटरी उतरली, तरीही रिले पडतो आणि लालच लागतो. गाडी नसताना लाल लागला की प्रवासी आम्हाला शिव्या घालतात. घालू देत! बिघाड झाल्यावर हिरवा दाखवणारा सिग्नल काय कामाचा? म्हैसूरला येऊन आपण सगळे ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ म्हणायला शिकलो. सिग्नल मात्र ॲडजस्ट करत नाही. शंका आली की लाल.

हल्ली बऱ्याच जणांनी छतावर सोलर बसवले आहे. २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान जाहीर झाले, तेव्हापासून चौकशा फार वाढल्या. आणि तक्रार एकच, “अहो, भर उन्हात लाईट गेली की आमचे सोलरही बंद! मग पैसे कशाला घातले?” यातही तेच तत्त्व आहे. बाहेरची लाईन बंद झाली की साध्या सोलर इन्व्हर्टरने स्वतः बंद व्हायचे असते. कारण त्याच वेळी खांबावर लाईनमन चढलेला असू शकतो. लाईन बंद आहे असे समजून त्याने हात लावला आणि तुमच्या छतावरून वीज आली, तर? लाईट गेल्यावरही घरी वीज हवी असेल तर बॅटरीवाली व्यवस्था मिळते. पण तीसुद्धा आधी घराला बाहेरच्या लाईनपासून तोडते आणि मगच घराला वीज देते.

आपण राहतो तो मुलूख विजेच्या बाबतीत मोठा मानाचा. इथून जवळच शिवनसमुद्राला १९०२ साली वीज तयार होऊन ती सुमारे १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. तेव्हा तारेतून फक्त वीज जात होती. आज तारेतून आणि हवेतून पैसा, सही आणि ओळखही जाते. म्हणजे आता आपल्या हातातल्या मोबाईललाही सिग्नलची शिस्त हवी.

ती नसली की काय होते ते पुण्याने पाहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एटीएमने विचारायचे आणि बँकेच्या मुख्य संगणकाने खाते तपासून हो किंवा नाही म्हणायचे, अशी रीत असते. चोरांनी मधल्या मध्ये आपलाच खोटा स्विच बसवला, आणि तो खाते न तपासताच ‘द्या’ असे सांगत राहिला. आमच्या भाषेत बोलायचे तर मार्ग न तपासता कुणीतरी हिरवा दिला.

ही झाली बँकेची गोष्ट. आता माझी सांगतो. जाहीरपणे प्रथमच सांगतो आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला. मागच्या महिन्याचे बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, अमुक अधिकाऱ्यांना फोन करा. त्या काळात असे मेसेज देशभर फिरत होते. बिल मी भरलेले होते. पण आई गावाहून आलेली, तिला दम्याचा त्रास, रात्री नेब्युलायझर लागायचा. वीज गेली तर काय, एवढेच डोक्यात आले. फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलला. एक ॲप घ्यायला लावले, दहा रुपये भरून खाते ‘अपडेट’ करायला सांगितले. त्या ॲपमधून माझा सारा पडदा त्याला दिसत होता हे मला कळलेच नाही. पाच मिनिटांत ४६ हजार ८०० रुपये गेले. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले.

पैसे गेले याहून मोठी चूक मी पुढे केली. मी ते लपवले. दिवसभर लोकांना सुरक्षेचे धडे देणारा मी, घरी काय तोंड दाखवणार? चार दिवस गप्प बसलो. पाचव्या दिवशी पत्नीने पासबुक पाहिले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अहो, तुमच्याकडे लाल ओलांडलेला ड्रायव्हर चार दिवस घरी झोपून राहतो का?” त्याच दिवशी तक्रार केली. पण पैसा तोवर अनेक खात्यांतून फिरून निघून गेला होता. एक रुपयाही परत आला नाही.

आमच्याकडे बिघाड झाला की आधी कळवायचे, कारणे मागून. मोबाईललाही हाच नियम. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पहिल्या तासा-दोन तासांत तिथे फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या नियमांतही हेच होते, की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले तर कळवेपर्यंतचे ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजेत गेलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो.

मग करायचे काय? एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकन देत असत, ते आमच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. दोन्ही स्टेशनांची संमती असल्याशिवाय लोखंडी गोळा यंत्रातून निघत नसे, आणि गोळा हातात असल्याशिवाय गाडी हलत नसे. तुमचा ओटीपी म्हणजे तो गोळा. फलाटावर उभा असलेला कुणी “मी मोठ्या साहेबांचा माणूस” म्हणाला म्हणून ड्रायव्हर गोळा त्याच्या हातात देईल का? यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक आपल्या कायद्यातच नाही. व्हिडिओवर पोलिसाचा वेष दिसला तरी फोन खाली ठेवा.

जो मेसेज घाई करतो, भीती घालतो, तो लाल समजा. थांबा. छापील बिलावरच्या नंबरवर स्वतः फोन करा. दहा मिनिटे उशीर झाला तर काही बिघडत नाही.

शेवटची विनंती तरुण मुलांना. घरातल्या आजी-आजोबांचे, आई-वडिलांचे पैसे असे गेले तर त्यांच्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते लपवतील. गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत मी माझी हकिगत सांगितली, तेव्हा बसलेल्या पाचांपैकी दोघे खाली मान घालून म्हणाले, “आमचेही गेले.” दोघांनीही घरी सांगितले नव्हते. या मंडपात आणखी कुणी असेल तर त्यांनी आरतीनंतर मला भेटावे. तक्रार कशी करायची ते मी बरोबर बसून दाखवीन. जे मला पाचव्या दिवशी सुचले, ते तुम्हाला पहिल्या तासात सुचावे, एवढेच मागणे त्या विघ्नहर्त्याच्या चरणी मांडतो आणि आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!