आमची मुले बेळगावला बोलली
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला आज 'शिक्षण आणि आपली मुले' हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, आणि त्यावर बोलणारे विद्वान दर जयंतीला येऊन जातात. आम्ही गिरणीतले, साच्यावर उभे राहून जन्म काढलेले. तेव्हा डोळ्यांसमोर घडले तेवढेच सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या वस्तीतली, महापालिकेच्या शाळेत शिकणारी चार मुले बेळगावला मराठी वक्तृत्व स्पर्धेला गेली. दोन मुली, दोन मुलगे. बरोबर त्यांच्या बाई, महिला मंडळाच्या एक ताई आणि आम्ही.

भाषण ही गोष्ट आपल्या परळ-लालबागला नवी नाही. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी सभा बोलावली ती इथल्या दामोदर हॉलमध्ये, आणि त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात कामगार मैदानावर बाबासाहेब बोलले, डांगे बोलले. १९८२ च्या संपात तर पाळी सुटल्यासारखी माणसे सभेला लोटत. पण ह्या सगळ्यात आपण बहुतेक वेळा खाली बसलेलो. माईकपुढे उभे राहायची वेळ आली की आपला माणूस "मी काय बोलू, सगळं बोलून झालंय" म्हणतो आणि खाली बसतो. मुलांच्या बाबतीत हे बदलावे एवढाच आमचा हेतू होता.

स्पर्धेचे पत्र आले आणि पहिली अडचण पैशाची न येता आईबापांची आली. त्यांची भीती खोटी नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती, एस.टी. सुद्धा काही दिवस तिकडे जात नव्हती. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तरी वाद मिटत नाही. आणि त्यात मुलगी रात्री बाहेर राहणार! एका मुलीच्या वडिलांकडे आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ताई बरोबर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, ती माझ्या कुशीत झोपेल, मग तर झालं?" तेव्हा होकार मिळाला. महिला मंडळाचे काम म्हणजे फक्त खीर वाटणे नव्हे, हे ह्यावरून समजावे.

मग तयारी. दर शनिवारी वंदनेनंतर विहाराचा माईक लावून मुलांना उभे करायचे. सुरुवातीला चौघांचीही भाषणे निबंधाच्या पुस्तकातून उतरलेली. विषय होता 'माझे शहर'. एकेकाचे 'अरबी समुद्राच्या कुशीत वसलेली मायानगरी' सुरू झाले की मागे बसलेल्या बाया जांभया देऊ लागल्या. आम्ही त्या आठवीतल्या मुलीला विचारले, "बाळ, तू समुद्र शेवटचा कधी पाहिलास?" ती म्हणाली, "चैत्यभूमीला, सहा डिसेंबरला. पण गर्दीत दिसलाच नाही."

तिला म्हटले, मग जे दिसते ते सांग. आठ दिवसांनी पोरीने जे आणले ते ऐकून बाईंनी वही मिटली. तिची आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. त्या गिरणीच्या जागेवर आज टॉवर उभा आहे, आणि तिची आई त्याच टॉवरमध्ये तीन घरची कामे करते. आजी गेटवर बिल्ला दाखवून आत जायची, आई ओळखपत्र दाखवून जाते, आणि तिने नोकरांच्या लिफ्टनेच जायचे असा नियम आहे. हे त्या मुलीने कसलीही रड न करता, जशी पाहिली तशी हकीकत सांगितली. एक-दोन जण म्हणाले, "परराज्यात जाऊन घरची धुणी कशाला धुवायची? काहीतरी चांगलं बोलायला लावा." आम्ही ते मानले नाही. कष्टाचे काम सांगण्यात धुणी कसली?

वस्तीतल्याच एका मुलाची टुरिस्ट गाडी. त्याने भाडे घेतले नाही. पहाटे साडेचारला निघालो. पाचशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता. खंबाटकी घाटात दोघांना उलट्या झाल्या, ते असो. साताऱ्यात चहा झाला तेव्हा मुलांना सांगितले की ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात चढले ते ह्याच गावात.

पुढे उंब्रजला मसूरचा रस्ता फुटतो. तिथे गाडी बाजूला घ्यायला सांगितली. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे मोठे भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले, अशी चार पोरे साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांकडे कोरेगावला जायचे होते. वडिलांना वेळेवर निरोप न मिळाल्याने घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान बैलगाडी द्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडे देऊन, पोरांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्रभर पाणी मिळाले नाही. जकात नाक्यावर मुसलमान आहोत असे सांगून मागितले, तरी दिले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे. मोजा, तीही चार मुले आणि आमचीही चार. गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलाने पाण्याची बाटली न मागताच सगळ्यांना फिरवली.

कोल्हापूर ओलांडले. ह्याच मुलखात मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले. तेव्हा बाबासाहेबांचे वय अठ्ठावीस. पुढे कोगनोळीचा टोलनाका, मग निपाणी. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा हे गाव मुंबई इलाख्यातच होते. आता पाट्या कानडी. एक मुलगा डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न करत होता. म्हणाला, "काका, माझ्या आज्जीला मुंबईत सगळ्या पाट्या अशाच दिसत असतील ना?" रस्त्यात अडवणूक कोणी केली नाही. उलट पंक्चर काढणाऱ्या कानडी माणसाने मुले पाहून पैसे कमी घेतले.

स्पर्धा दुसऱ्या दिवशी. मोठमोठ्या शाळांची मुले, ब्लेझर घातलेली, हातवारे शिकून आलेली. आमच्या मुलीचा नंबर बराच उशिरा आला. ती बोलली तेव्हा सभागृहातली कुजबूज थांबली, एवढे आम्ही सांगू शकतो. तिला उत्तेजनार्थ मिळाले. बाकी तिघांना काही नाही. परीक्षकांनी नंतर तिला बोलावून सांगितले की मजकूर फार चांगला, गुण गेले ते उच्चारात. 'पानी' आणि 'कोन' असे दोनदा आले.

ह्यावर परतीच्या वाटेवर बाईंचा आणि ताईंचा चांगलाच वाद जुंपला. ताई म्हणाल्या, आमच्या घरची भाषा अशुद्ध कोणी ठरवली? बाई म्हणाल्या, ण आला तर बिघडते काय? आमचे मत दोघींपेक्षा थोडे निराळे आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारशी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत शिकलेच. साच्यावर काम येते म्हणून दुसरे खाते शिकू नये असे कोणी म्हणत नाही. ण पोरांनी जरूर शिकावा. पण घरी आईशी बोलताना 'पानी' म्हटले म्हणून ज्या पोराला लाज वाटू लागेल, त्याला तो ण महाग पडला. गुणपत्रिकेत उच्चाराचा रकाना असावा, पण मजकुरापेक्षा मोठा असू नये, हे आम्ही आयोजकांना पत्राने कळवले आहे. उत्तर अद्याप नाही.

आता हिशोब. डिझेल, टोल, परराज्याचा परवाना, राहणे-जेवण मिळून चौदा हजारांच्या आत भागले. पावत्या विहाराच्या फायलीत आहेत, कोणीही पाहाव्यात. जयंतीला डीजेवाला एका रात्रीत किती घेऊन जातो ते तरुण मित्रांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आम्ही डीजे बंद करा म्हणत नाही. एक तास कमी वाजवा, एवढीच विनंती.

ह्या वेळी मुलांना इंदूरकडे जायचे आहे, तिथून महू जवळ पडते. गाडी मोठी लागेल, कारण नावे आताच नऊ आली आहेत. त्यात पाच मुली. त्या आठवीतल्या मुलीचे वडील मागे उभे आहेत, त्यांनी ह्या खेपेला स्वतः येण्याची तयारी दाखवली आहे. सराव शनिवारी वंदनेनंतर, सात वाजता. माईकची वायर तुटली आहे, कोणाकडे जास्तीची असेल तर आज जाताना सांगून जावे. जयभीम.