पाषाणचा हिरवा दगड



संयोजकांनी मला 'शाळेने मला काय दिलं' यावर बोलायला सांगितलं होतं. त्याऐवजी मी शाळेच्या प्रयोगशाळेत केलेला एक गुन्हा कबूल करणार आहे. जिचा गुन्हा केला ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही. तिला एव्हाना कळलंच असेल.

आपण आठवीत होतो. तिचे बाबा पाषाणच्या खाणीतून खडीचा डंपर चालवायचे. सुरुंग उडाला की काळ्या दगडात कधीकधी एखादी पोकळी उघडी पडायची आणि आत स्फटिक चमकायचे. त्यातला एक त्यांनी लेकीसाठी आणला होता. अंगठ्याच्या पेराएवढा, फिकट हिरवा, आरपार दिसणारा. ती तो कंपासपेटीत कापसात गुंडाळून ठेवायची.

त्याच आठवड्यात बाईंनी मोरचूद तापवून दाखवलं होतं. निळे खडे तापले की स्फटिकजल उडून पांढरे पडतात, पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळे. झालं, मला तांब्याचं सगळं समजलं! "हा तांब्याचाच दगड आहे," मी तिला सांगितलं, "भांड्याला कळक चढतो ना, तसला हिरवा. थांब, सिद्ध करून दाखवते." ती नको नको म्हणत होती. मधल्या सुट्टीत स्पिरिटचा दिवा पेटवून मी दगड चिमट्यात धरला. तो तडतडला, त्याचे पापुद्रे सुटायला लागले आणि बघता बघता त्याचा पांढरट भुगा झाला. "बघ, मोरचूदसारखंच!" मी ओरडले. मग पाणी टाकलं. रंग काही परत आला नाही. तेवढं मी सोयीस्करपणे सोडून दिलं. (आज ऑफिसात एखादी टेस्ट नापास झालेली कोणी लपवली तर मी फार चिडते. का, ते माझ्या टीमला माहीत नाही.)

तिने भुगा कागदात बांधून घेतला. घरी 'हरवला' म्हणून सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेले आणि काचेमागे तोच हिरवा रंग दिसला. ॲपोफिलाइट. घरी येऊन वाचत बसले. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर खनिजं विरघळलेलं पाणी झिरपून त्यांत हे स्फटिक वाढले. हिरवा रंग तांब्याचा नाहीच, व्हॅनेडियमचा. १९७४ साली जॉर्ज रॉसमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या रंगावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'पूना' आहे. वाघोलीच्या खाणींतलं जगप्रसिद्ध निळं कॅव्हन्साइट, तेही व्हॅनेडियमचंच. आणि आपण पाषाणला सहलीला जाऊन भेळ खाऊन आलो!

तांब्याचं हिरवं रत्न जगात आहे, नाही असं नाही. डायोप्टेस त्याचं नाव. कझाकस्तानात सापडलं तेव्हा लोकांना तो पाचू वाटला होता. तो पाचूइतका कठीण नाही, तेव्हा वेगळंच खनिज आहे, हे ओळखून रने आयुई या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये त्याला हे नाव दिलं. म्हणजे फसणारी मी पहिली नव्हे. पण याच आयुईने १८०६ मध्ये आपल्या दगडालाही नाव दिलं, आणि ते वाचून मी खुर्चीतच खाली सरकले. ॲपोफिलाइट म्हणजे ग्रीकमध्ये 'पापुद्रे सुटणारा'. तापवला की पापुद्रे सुटतात, म्हणून! मी केलेला प्रयोग त्याच्या नावातच लिहिलेला होता.

याला पैलू पाडतात, पण फक्त संग्राहकांसाठी. काठिण्य जेमतेम साडेचार ते पाच, म्हणजे पुण्याच्या धुळीतली वाळूसुद्धा त्यावर ओरखडे काढेल. शिवाय एका दिशेने तो अगदी सहज चिरतो. त्यामुळे कारागिराला वरचा पैलू थोडा तिरका धरावा लागतो, नाहीतर घासताना थरच निघून येतो. एवढं करून अंगठीत घालायची सोय नाही.

असा एक पैलूदार खडा मी तिच्यासाठी घेतला होता. डबीत घालून, रिबीन बांधून तयार ठेवला होता. परवा रात्री तो पुन्हा पाहिला आणि वाटलं, हा फारच गुळगुळीत आहे. काकांनी डंपरमधून असला आणला नव्हता. मग तो घरीच ठेवला आणि पैलू न पाडलेला, खाली काळ्या दगडाचा तुकडा चिकटलेला एक स्फटिक शोधून आणला. पाषाणचाच आहे, असं विकणारा म्हणाला. तुझ्याइतका सुंदर नाही गं, टोकाला जरा टवका उडालाय.

माझ्या पर्समध्ये आहे, कापसात गुंडाळलेला. चहाच्या वेळी ये. गॅसच्या शेगडीपासून लांब उभी राहते.