आधी पूर्वपक्ष, मग उत्तर

(यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपण घरी, पारावर, चहाच्या टपरीवर आणि आता प्रामुख्याने मोबाइलच्या पडद्यावर ज्या गप्पा मारतो, जे वाद घालतो, त्यांविषयी आज मला बोलायचे आहे. कापसाचा भाव, निवडणुकीचा निकाल, न्यायालयाचा निर्णय, मुलांच्या शाळेचे शुल्क, असा कोणताही विषय या गप्पांना वर्ज्य नाही. त्यात वावगे काही नाही. ज्या समाजातील माणसे सार्वजनिक प्रश्नांवर बोलत नाहीत, तो समाज निद्रिस्त समजावा.

मात्र चावडीवरच्या वादाला एक मर्यादा आपोआप पडत असे. ज्याच्याशी सकाळी हमरीतुमरी झाली, त्याच्याकडेच दुपारी बैलजोडी मागायला जावे लागे. त्यामुळे शब्द कितीही तापले तरी माणूस तुटणार नाही, याचे भान दोघांनाही असे. पडद्यावरच्या वादात समोरचा माणूस दिसत नाही. ज्या गावाविषयी आपण मत देतो ते गाव पाहिलेले नसते आणि आपल्या मताची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. ते आपल्याच जिल्ह्यात घडले आहे.

एक वाघीण आणि दोन बाजू

राळेगाव आणि पांढरकवडा परिसरातील ‘टी-१’ ही वाघीण, जिला देशाने ‘अवनी’ या नावाने ओळखले, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात मारली गेली. त्याआधीच्या सुमारे दोन वर्षांत या भागातील तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध तिच्याशी जोडला गेला होता. बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न आधी करावा आणि तो साधला नाही तरच गोळी घालावी, अशा आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला होता. त्यानंतरच्या मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती सुटला आणि त्याच्या हल्ल्यात एका महिलेचा प्राण गेला. ज्यांना वाचवायचे, त्यांच्यावरच मोहिमेचे संकट ओढवले.

तिकडे महानगरांतून वाघिणीला वाचवण्यासाठी मोठी मोहीम उभी राहिली. सुमारे दहा महिन्यांच्या दोन बछड्यांची छायाचित्रे घरोघरी पोचली. वाघीण मेल्यावर तर शब्दांना ताळतंत्र उरले नाही. गावकऱ्यांना कोणी निर्दय म्हटले, तर प्राणिप्रेमींना कोणी माणसांचे शत्रू ठरवले. तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी राज्याचे तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर जाहीर टीका केली. दोघेही एकाच पक्षाचे होते. पक्ष पाहून मत बनवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची त्या आठवड्यात मोठी अडचण झाली असेल.

बंधूंनो, त्या वादात मीही होतो. तेव्हा मी नागपुरात राहत असे. धनत्रयोदशीला तीन दिवस उरले होते. बछड्यांचे ते छायाचित्र मी आमच्या कुटुंबाच्या गटावर टाकले आणि त्याखाली गावकऱ्यांविषयी एक बोचरे वाक्य लिहिले. राळेगावकडे दिलेली माझी आतेबहीण एक अक्षरही न लिहिता त्या गटातून बाहेर पडली. भाऊबिजेला मी तिच्याकडे गेलो. तिने नेहमीप्रमाणे पाट मांडला, ओवाळले, ताट वाढले आणि मग म्हणाली, “दादा, तुले वाघिनीचे दोन पिल्लं दिसले. आमच्या गावातले लेकरं नाई दिसले का?”

मी पर्यावरणाविषयी काही सांगू लागलो. ती शांतपणे ऐकत राहिली. नंतर तिने त्या दोन वर्षांचे दिवस सांगितले. ऐन वेचणीत बाया शेतात जायला तयार नसत, त्यामुळे पऱ्हाटीवर कापूस तसाच लोंबत राही. डुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला जायचे तर चौघे जण सोबत लागत. गुराखी दिवस मावळण्याच्या आत गुरे वळवीत. मुलगी शिकवणीहून येईपर्यंत आईचा जीव दारात अडकलेला असे. वाघीण मेल्यावर फटाके फुटले, ते तिलाही रुचले नव्हते. ती म्हणाली, “मेली ते बेस झालं, असं मी म्हनत नाई. आता लेक वेचनीले गेली का संध्याकाळी घरी येते, येवढंच.”

तिचे हे म्हणणे मला आधी माहीत नव्हते, असे मी म्हणणार नाही. एका दूरध्वनीवर ते कळले असते. मी विचारलेच नव्हते.

आता दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्राणिप्रेमींचे सगळेच आक्षेप निराधार नव्हते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत या कारवाईच्या पद्धतीतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवले गेले. टिपेश्वर अभयारण्याचा विस्तार जेमतेम १४८ चौरस किलोमीटर आहे. तेथे वाढलेले वाघ बाहेर पडणार, शेतशिवारातून वाट काढणार आणि माणसाशी त्यांची गाठ पडणार, हा प्रश्न एका गोळीने सुटणारा नव्हता. म्हणजे दोन्हीकडे सत्याचा अंश होता. दोघांनीही तो एकमेकांच्या हाती दिला नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

आपल्या पूर्वजांनी चर्चेचे शास्त्र बनवले होते. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. त्यात दोघांचीही आपले मत सोडण्याची तयारी असते. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचे खंडन करत राहणे म्हणजे वितंडा. आपण मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द सहज वापरतो, पण तो कोठून आला हे विसरतो.

याच शास्त्रात ‘छल’ नावाचा एक दोष आहे. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दाला चिकटवणे, म्हणजे छल. त्याचे जुने उदाहरण मोठे गमतीचे आहे. एक जण म्हणतो, या मुलाची घोंगडी ‘नव’ आहे. त्याला म्हणायचे असते, नवी आहे. दुसरा लगेच विचारतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! एखाद्याच्या तासाभराच्या भाषणातील दहा सेकंदांचा तुकडा कापून जेव्हा आपण पुढे पाठवतो, तेव्हा आपण ही घोंगडीच मोजत असतो.

या छलावरचा उतारा म्हणजे पूर्वपक्ष. आपले मत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचे, अशी आपल्या शास्त्रग्रंथांची रीत. ते ऐकून प्रतिपक्षानेही मान डोलवावी, हेच मला म्हणायचे होते असे त्याला वाटावे. त्यानंतर उत्तरपक्ष आणि शेवटी सिद्धान्त. आपण आज आरंभच सिद्धान्ताने करतो, मग पूर्वपक्षाला जागा उरत नाही.

वणीचे बापूजी

हे सारे ग्रंथांतच राहते, असे कोणी म्हणू नये. याच जिल्ह्यातील वणी येथे १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांचे चरित्र आठवावे. ते टिळकांचे अनुयायी. गांधीजींच्या अनेक धोरणांशी त्यांचे जुळले नाही. तरीही १९३० साली पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदेभंग केला. १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध उभे राहिले आणि दोघांनी वेगळा पक्ष काढला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ‘भारत छोडो’ आंदोलन पेटले तेव्हाही ते तेथेच होते. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले आणि त्यांच्या प्राणांवर बेतले, तेव्हा बापूजींनी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह पदाचा राजीनामा दिला. मत वेगळे असूनही माणूस परका होत नाही, हे त्यांनी पद सोडून दाखवले.

आपलेही परीक्षण हवे

येथे थोडे अप्रिय बोलतो. अवनीच्या घटनेनंतर अडीच महिन्यांच्या आत यवतमाळ पुन्हा देशभर गाजले. १९७३ नंतर प्रथमच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या नगरीत भरत होते. जानेवारी २०१९ च्या त्या ब्याण्णवाव्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला, अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. सहगल यांची मते आपल्यापैकी बहुतेकांना मान्य नाहीत. मलाही नाहीत. पण म्हणून त्यांना ऐकूनच घेऊ नये, हे आपल्या परंपरेत बसत नाही. व्यवहारातही यातून काय साधले? मंडपात झाले असते ते भाषण, न होताच सर्वदूर वाचले गेले. त्याला विचाराने उत्तर देण्याची संधी मात्र हातची गेली.

त्याच संमेलनात कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे उद्घाटक म्हणून उभ्या राहिल्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. मागे उरलेल्या बाईला काय सोसावे लागते, हे त्या स्वानुभवातून बोलल्या. त्या कोणत्या बाजूच्या, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. भोगणाऱ्याचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकले, की वादाची पातळी आपोआप बदलते.

आरंभ घरापासून

म्हणून तीन साधे नेम सुचवतो. पहिला, कोणताही मजकूर पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारावे: हे खरे असल्याचे मला ठाऊक आहे, की ते मला केवळ आवडले आहे? दुसरा, विरोधी मताचे म्हणणे त्याला पटेल अशा एका वाक्यात मांडता आल्याशिवाय उत्तर देऊ नये. तिसरा, ज्या प्रश्नावर आपण बोलतो आहोत, तो ज्याला भोगावा लागतो अशा निदान एका माणसाशी आधी बोलावे. आपली मुले हे कोणत्याही पुस्तकातून शिकणार नाहीत. रात्रीच्या जेवणाच्या पंगतीत वडील विरोधकाचे नाव कसे घेतात, यावरून ती शिकतात.

माझी बहीण त्या गटात पुन्हा आली नाही. तीही तिची एक बाजू आहे. पण आता राळेगावकडची काही बातमी आली, की लिहिण्याआधी मी तिला फोन करतो. बहुतेक वेळा त्यानंतर लिहिण्याची गरजच उरत नाही.