मातृत्वापूर्वीची काळजी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यातील भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या समयी आम्ही स्त्रियांच्या आरोग्याचा विषय काढावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या मंदिरात आपण बालकांचा बाप्तिस्मा करतो, त्या मंदिराने त्यांच्या मातांच्या प्रकृतीविषयी मौन धरावे, हे आम्हांस उचित दिसत नाही.

गरोदर स्त्रीला जपावे, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तिचे डोहाळे पुरविले जातात, भरली घागर तिच्या हातून काढून घेतली जाते. आमचे म्हणणे इतकेच की, ही काळजी फार उशिरा सुरू होते. ज्या नळीपासून बालकाचा मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटून पुरी होते. तोवर पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची वार्ताही नसते. ती नीट मिटली नाही, तर बालक दुभंगलेल्या कण्याचे जन्मास येते, किंवा जगतच नाही.

हे टाळण्याचा जो उपाय आज ठाऊक आहे, त्याच्या शोधाचा आरंभ आपल्या मुंबईत झाला. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी तेथे आल्या. गिरण्यांतील गरीब गरोदर स्त्रियांना एक भयंकर पांडुरोग जडत असे, त्याचे कारण त्यांस शोधावयाचे होते. दोष आहारात आहे असे त्यांनी ताडले, आणि यीस्टच्या अर्काने रोग हटतो, हे १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य मिळविण्यात आले. लॅटिन भाषेत ‘फोलियुम’ म्हणजे पान. त्यावरून त्यास फॉलिक ॲसिड हे नाव पडले. ज्या मातांचे आधीचे बालक वरील व्यंगाने ग्रस्त होते, त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून हे औषध घेतल्यास पुन्हा तसे घडण्याचा संभव ७२ टक्क्यांनी घटतो, असे सात देशांत झालेल्या चाचणीतून १९९१ साली सिद्ध झाले.

आता आपल्या घरांकडे पाहू. विवाह ठरला की साड्या, दागिने, मंडप, जेवणावळ यांची महिनोन्‌महिने खलबते चालतात. वधूचे रक्त तपासून घ्यावे, असे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ रक्तक्षयी आढळल्या. अशा अंगाने तिने दुसरा जीव पोसावयाचा!

यास्तव आमची विनंती अशी. मूल व्हावे असे मनात येताच, शक्य तर तीन महिने आधी, पतिपत्नी दोघांनी डॉक्टरांकडे जावे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड व रक्तदाब तपासून घ्यावा. थॅलेसिमियाची तपासणी तर विवाहापूर्वीच दोघांनी करावी. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा किमान एक महिना आधीपासून गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत रोज घ्यावी. पूर्वीचे बालक व्यंगाचे असल्यास अधिक मात्रा लागते, ती डॉक्टर ठरवितील. रुबेलाची लस गरोदरपणी देता येत नाही. ती आधी घेऊन एक महिना थांबावे. फेफरे वा मधुमेह यांची औषधे चालू असतील, तर ती मनाने बंद न करता आधी विचारावे. आणि तंबाखू, मिश्री व मद्य यांचा त्याग पत्नीने करावा, तसाच पतीनेही करावा.

सासूबाईंना व पतिराजांना दोन शब्द. घरातील सर्वांचे उरकल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहील ते सुनेचे, ही रीत आता पुरे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून काही वर्षे स्त्रियांना रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ देऊन पाहण्यात आला. सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. परंतु गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून ज्यांना तो खाऊ मिळाला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी अधिक भरली. अन्न तेच, फरक केवळ वेळेचा! मेथी, चवळी, शेवग्याचा पाला आपल्या परसात आहे. तो सुनेच्या ताटात आधी पडो.

इतके करूनही एखादे बालक व्यंग घेऊन येते, एखादी कूस रिकामी राहते. अशा भगिनीस ग्रहण, दृष्ट, पूर्वजांचे पाप असली कारणे सांगून कोणी दुखवू नये. ती शिक्षा नव्हे, आणि तिचा अपराध तर नव्हेच. तिला आपल्या आधाराची गरज आहे.

उदरातील जीवाला पहिल्या क्षणापासून पवित्र मानणारे आपण, त्या जीवाच्या मातेला त्याआधीपासून जपले नाही, तर आपले मानणे अपुरे होय. यापुढे विवाहाचे नाव नोंदविण्यास जे जोडपे येईल, त्यास आम्ही बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर एक प्रश्न विचारणार आहोत: “डॉक्टरांना भेटलात काय?” दाखला आम्ही मागणार नाही, प्रश्न मात्र प्रत्येकास विचारू. आपणही आपल्या घरी तो विचारावा, एवढेच मागणे.